डोंगराचं ऐकायचं कसं?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



कवितेवर बोलायला मला अधूनमधून बोलावणं येतं. आज मात्र मी बोलणार आहे ते 'बिनतारी संवेदकांचं जाळं' या विषयावर. हे ऐकल्यावर पहिला हशा आमच्या घरातच पिकला. मी मराठी घेऊन बी. ए. झालेला माणूस. घरातला फ्यूज उडाला तरी शेजाऱ्यांना हाक मारतो. पण माझी मुलगी गेली चार वर्षं याच विषयावर पीएच.डी.साठी संशोधन करते आहे. डोंगराखाली राहणाऱ्या गावकऱ्यांसाठी तिला एक छोटी मराठी पुस्तिका करायची होती. 'अब्बा, भाषा तुम्ही नीट करून द्या,' असं म्हणून तिने कागद माझ्यापुढे ठेवले. वाक्यागणिक मी अडलो आणि वाक्यागणिक तिला प्रश्न विचारले. त्यातून मला जे कळलं, ते तुम्हाला सांगतो. त्यात माझ्या घरची एक गोष्टही आहे. ती शेवटी येईल.

संवेदक म्हणजे सेन्सर. उष्णता, ओल, कंप, दाब, कल अशी एखादी गोष्ट ओळखून तिचा आकडा सांगणारा छोटा अवयव. त्याला एक लहानसा संगणक, एक रेडिओ आणि बॅटरी जोडली की एक 'नोड' तयार होतो. असे पन्नास-शंभर नोड रानात पसरायचे. प्रत्येकाने आपला निरोप शेजाऱ्याला द्यायचा, शेजाऱ्याने पुढच्याला, असं करत तो मुख्य ठाण्यापर्यंत पोचवायचा. तार नाही, विजेचा खांब नाही, राखणदार नाही. ही कल्पना गेल्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात रुजली. क्रिस्टोफर पिस्टर या प्राध्यापकांनी तिला 'स्मार्ट डस्ट' म्हणजे शहाणी धूळ असं नाव दिलं. तिथे या नोडला 'मोट' म्हणतात. आपल्याकडची मोट विहिरीतलं पाणी काढायची. ही मोट म्हणजे धुळीचा कण.

हे कशासाठी, असं मीही विचारलं. मुलीने मला एका बेटाची गोष्ट सांगितली. अमेरिकेच्या मेन राज्याच्या किनाऱ्यासमोर ग्रेट डक नावाचं बेट आहे. तिथे पेट्रेल जातीचे समुद्रपक्षी जमिनीत बिळं करून अंडी घालतात. बिळात ऊब किती, ओल किती, हे अभ्यासकांना हवं होतं. पण माणूस वारंवार जवळ गेला तर पक्षी घरटं सोडून जातात. पाहायला जावं तर पाहण्यासारखं काही उरत नाही! म्हणून २००२ च्या उन्हाळ्यात तिथे बत्तीस नोड ठेवले. माणूस लांब आणि नोड बिळात.

ऐकायला हे सोपं वाटतं. अडचणी पुढे आहेत.

पहिली अडचण बॅटरीची. अशा नोडला बहुधा दोन पेन्सिल सेल असतात. त्याचा रेडिओ सुरू असला की साधारण वीस मिलिअँपिअर प्रवाह लागतो आणि सेलमध्ये दोन-अडीच हजार मिलिअँपिअर-तासांचा साठा असतो. भागाकार करा. शंभर ते सव्वाशे तास, म्हणजे चार-पाच दिवसांत खेळ आटोपला. दर चार दिवसांनी शंभर सेल बदलायला डोंगर कोण चढणार?

मला वाटलं, मग बोलायचं कमी करावं. मुलगी हसली. म्हणाली, 'अब्बा, बोलण्यापेक्षा ऐकणंच महाग पडतं.' मला खरं वाटेना, तेव्हा तिने आकडे दाखवले. त्या काळात संशोधक फार वापरत अशी एक रेडिओ-चिप होती. निरोप पाठवताना तिला पूर्ण ताकदीवर १७.४ मिलिअँपिअर लागत आणि ऐकताना १८.८. कुणी बोलत असो वा नसो, कान उघडा ठेवला की मीटर चालू. आयुष्यभर कविसंमेलनांत बसलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागला नाही.

उपाय एकच, तो म्हणजे झोप. शंभर मिनिटांतलं एकच मिनिट जागं राहायचं आणि नव्व्याण्णव मिनिटं झोपायचं. मग तेच सेल वर्षभराहून अधिक पुरतात. पण सगळेच झोपलेले असतील तर निरोप घेणार कोण?

इथे मला आमचे मामू आठवले. महाड तालुक्यातल्या आमच्या आजोळी, डोंगराच्या पायथ्याच्या वाडीत ते राहायचे. रमजानच्या महिन्यात पहाटे सहरीसाठी वाडीला उठवायचं काम त्यांच्याकडे असे. हातात काठी घेऊन ते दारोदार फिरायचे आणि आत दिवा लागेपर्यंत दारावर ठकठक करायचे. नोडांच्या जगातही उठवण्याच्या दोन पद्धती आहेत. एक घड्याळाची, म्हणजे सगळ्यांनी ठरल्या वेळी एकदम जागं व्हायचं. पण स्वस्तातल्या नोडचं घड्याळ दिवसाला तीन-साडेतीन सेकंदांनी पुढेमागे होऊ शकतं. जाग मोजकी क्षणभराची असेल, तर एवढ्या फरकानेही चुकामूक होते. म्हणून घड्याळं पुन्हापुन्हा जुळवावी लागतात आणि त्या जुळवण्यालाही वीज लागते. दुसरी पद्धत मामूंची. झोपलेला नोड ठरावीक वेळाने क्षणभर कानोसा घेतो. ज्याला सांगायचं आहे तो तोपर्यंत हाका मारत राहतो. यात झोपणाऱ्याची वीज वाचते आणि उठवणाऱ्याची जास्त जळते. ठकठक करणाऱ्याच्या वाट्याला तेच येणार, असं मामू म्हणाले असते.

दुसरी अडचण रस्त्यावरच्या घराची. लांबचे सगळे निरोप मुख्य ठाण्याजवळच्या नोडांमधूनच जातात. त्यांना स्वतःचं सांगायचं असतं आणि शंभर जणांचंही. मग त्यांची बॅटरी आधी संपते. ते गेले की मागचे सगळे धडधाकट असूनही मुके होतात.

तिसरी अडचण प्रयोगशाळा आणि रान यांतल्या अंतराची. नेदरलँड्समध्ये २००५ साली बटाट्याच्या शेतात शंभराहून अधिक नोड लावले होते. करपा रोग कधी येईल याचा अंदाज पानांमधल्या दमटपणावरून घ्यायचा होता. पीक वाढलं तसा पाल्याने रेडिओचा पल्ला कमी केला, कार्यक्रमांत चुका निघाल्या, बॅटऱ्या फार लवकर संपल्या. शेवटी हाती आली ती अपेक्षित माहितीच्या केवळ दोन टक्के! त्या संशोधकांचं मला कौतुक वाटतं ते अशासाठी, की त्यांनी हे लपवलं नाही. 'मर्फीला बटाटे आवडतात' असा मथळा देऊन त्यांनी आपल्या फजितीवरच निबंध लिहिला. जे बिघडू शकतं ते बिघडतंच, असं सांगणारा तोच हा मर्फी. पुढच्यांना त्या निबंधाचा फार उपयोग झाला.

ग्रेट डक बेटावरही असंच काही दिसलं. काही नोड ओल्याचे भलतेसलते आकडे सांगू लागले आणि थोड्या दिवसांत बंद पडले. डबीत पाणी शिरलं होतं. म्हणजे तो विचित्र आकडा बिळातली ओल सांगत नव्हता, नोड आजारी पडल्याचं सांगत होता. कुठला आकडा बाहेरच्या जगाचा आणि कुठला यंत्राच्या दुखण्याचा, हे ओळखणं हाही संशोधनाचा मोठा भाग आहे.

आता पक्षी आणि बटाटे सोडून आपल्या डोंगरांकडे येऊ.

३० जुलै २०१४. पुणे जिल्ह्यातलं माळीण. १५१ माणसं गेली. ही बातमी बाहेर कशी आली ते अनेकांना आठवत असेल. एस.टी.चा ड्रायव्हर नेहमीप्रमाणे बस घेऊन आला आणि गाव जागेवर नव्हतं! २२ जुलै २०२१. महाड तालुक्यातलं तळिये. ऐंशीहून अधिक माणसं. १९ जुलै २०२३ ची रात्र. खालापूर तालुक्यातली इरशाळवाडी, जिथे गाडीरस्ताही नव्हता. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं बेपत्ताच राहिली. तिन्ही वेळा महिना जुलै.

दरड का कोसळते? पावसाचं पाणी मातीत मुरतं आणि कणांमधल्या फटी भरतात. त्या पाण्याचा दाब वाढला की कणांची एकमेकांवरची पकड सुटते आणि उतार आपल्याच वजनाने खाली येतो. हा दाब मोजणारं उपकरण भोक पाडून जमिनीत सोडता येतं. जमीन किती कलली तेही मोजता येतं. केरळमध्ये मुन्नारजवळच्या अँथोनियार कॉलनीत अमृता विद्यापीठाच्या डॉ. मनीषा रमेश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८-०९ च्या सुमारास असं जाळं उभं केलं. उतारात खोल भोकं पाडून त्यात संवेदक सोडले. तिथून बिनतारी निरोप टेकडीवरच्या ठाण्यात आणि ठाण्यातून उपग्रहामार्फत दूरच्या विद्यापीठात जातो. पाऊस वाढला की नोड जास्त वेळा मोजतात आणि उघडीप असली की विसावतात. हिमाचलमध्ये आयआयटी मंडीच्या संशोधकांनीही कमी खर्चाची यंत्रं उतारांवर बसवली आहेत. आता 'लोरा' नावाच्या रेडिओ पद्धतीमुळे थोडक्या विजेत काही किलोमीटर निरोप जातो, मात्र एका वेळी मोजकीच अक्षरं पाठवता येतात. तारेएवढा संक्षेप!

डोंगरावरची अडचण न्यारीच असते. सेल भरायला सौर तबकडी लावावी, तर ज्या आठवड्यात डोंगर धोक्यात असतो नेमका त्याच आठवड्यात सूर्य दिसत नाही. गवत माजतं, गुरं वायर तोडतात. आणि ज्या घटनेसाठी हे सगळं मांडायचं, ती एका उतारावर कदाचित पन्नास वर्षांत एकदाच घडते. यंत्राला शिकवायचं तर उदाहरणं लागतात. दरडीचं उदाहरण म्हणजे एक गाव. ते मागायचं कुणाकडे?

पण मुलीच्या मते सर्वांत अवघड प्रश्न याच्याही पुढचा आहे. दाबाचा आकडा कुठवर गेला की भोंगा वाजवायचा? रेघ खाली आखली तर दर पावसात भोंगा वाजेल आणि लोक कंटाळतील. वर आखली तर एखाद्या रात्री तो वाजणारच नाही. मुन्नारला २००९ च्या जुलैत जोराचा पाऊस झाला, जमिनीतला दाब चढला, संशोधकांनी इशारा दिला आणि लोकांना हलायला सांगण्यात आलं. पुढे पाऊस ओसरला तसा दाबही उतरला. आता हा इशारा खरा म्हणायचा की खोटा?

या प्रश्नापाशी पुस्तिकेचे कागद मी बाजूला ठेवले. आता घरची गोष्ट.

२००४ चा जुलै. वाडीच्या वरच्या अंगाला एक झरा होता, भर पावसातही नितळ वाहणारा. एका रात्री मामूंनी पाहिलं तर त्याला गढूळ, मातकट पाणी. त्यांनी काठी उचलली आणि सहरीला उठवायचे तशी सगळी वाडी उठवली. पोरंबाळं, म्हातारी माणसं, कोंबड्यांच्या डालग्यांसकट सगळे भिजत शाळेत गेले. रात्रभर कुडकुडत बसले. सकाळी पाहिलं तर डोंगर होता तिथेच. वाडीत वर्षभर हसू झालं. रमजान नसताना सहरी कसली, असं लोक विचारायचे. मी तेव्हा नुकता कविसंमेलनांना जायला लागलो होतो. त्या रात्रीवर मी एक विनोदी कविता केली, भित्र्या म्हाताऱ्याची. महाडला वाचली, खूप टाळ्या पडल्या. मामू समोरच्या रांगेत बसले होते. तेही हसले होते.

२००५ चा जुलै तुम्हाला आठवत असेल. २६ तारखेला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच दोन दिवसांत महाड तालुक्यात जुई, दासगाव, कोंडिवते, रोहन या गावांवर दरडी आल्या. आमच्या वाडीवर आली ती लहान होती, पेपरात आली नाही. माझी बायको आणि सात वर्षांची मुलगी तेव्हा मामूंकडे राहायला गेल्या होत्या. रात्री मामूंना झऱ्याचं पाणी पुन्हा गढूळ दिसलं. घराचं दार चौकटीत अडकू लागलं होतं. त्यांनी घरातल्या सगळ्यांना उठवलं, मुलीला कडेवर घेतलं आणि शाळेकडे निघाले. वाटेत शेजाऱ्यांचं घर होतं. तिथे ते थांबले, असं बायको सांगते. काठी उचललेली तिने पाहिली. मग ती खाली आली आणि ते पुढे चालू लागले. तासाभराने माती आली. शेजारच्या घरातली दोन माणसं गेली.

पुढे कित्येक महिन्यांनी मी मामूंना एकदाच विचारलं, दार का नाही ठोठावलं? ते म्हणाले, 'वाटलं, परत कविता होईल.' एवढंच. त्यात राग नव्हता. नंतर ते सहा वर्षं जगले, पण सहरीची काठी त्यांनी पुन्हा हातात घेतली नाही.

श्रोतेहो, 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आपण सगळे शाळेत शिकलो. त्या गोष्टीतला मुलगा खोटं बोलत होता. मामू खोटं बोलत नव्हते. २००४ सालीही झऱ्याला माती आलेली होतीच. डोंगर कडेपर्यंत आला होता आणि तिथे थबकला होता, एवढंच. न फळलेला इशारा आणि खोटा इशारा यांत फरक आहे, हे त्या गोष्टीने मला शिकवलं नाही. मुलीच्या कागदांनी शिकवलं.

मुलगी सांगते की बॅटरीचे, रेडिओचे, घड्याळाचे प्रश्न सुटतील. बरेचसे सुटलेही आहेत. भोंग्याची रेघ कुठे आखायची, हे मात्र एकट्या इंजिनिअरला ठरवता येत नाही. एक माणूस वाचवायला आपण किती रात्री फुकट जागायला तयार आहोत, हे वाडीने ठरवायचं. वाडी दहा रात्री जागायला तयार असेल, तर रेघ खाली आखता येते. एकाच रात्रीनंतर लोक हसणार असतील, तर ती वर सरकवावी लागते आणि मग जो उशीर होतो, त्याला यंत्र जबाबदार नसतं.

सगळीकडे यंत्रं आज बसलेली नाहीत. तोवर मामूंच्या खुणा लक्षात ठेवाव्यात. नितळ झऱ्याला अचानक माती येणं. उताराला नव्या भेगा. झाडं, खांब, कुंपणं कलणं. दारं-खिडक्या चौकटीत अडकणं. यांतलं काही दिसलं तर तपासायला वर जाऊ नये. आधी माणसं हलवावीत, मग तलाठ्याला, तहसीलदाराला कळवावं.

ती कविता माझ्या पहिल्या संग्रहात आहे. छापलेलं परत घेता येत नाही. पुस्तिका मात्र पूर्ण झाली आणि तिच्यात मी माझ्या मनाने एकच वाक्य घातलं. मुलीने ते राहू दिलं. ते असं: 'कुणी रात्री उठवून बाहेर काढलं आणि सकाळी काहीच झालेलं नसलं, तर त्या माणसाला घरी बोलावून चहा द्या आणि पुन्हा असंच उठवायला सांगा.'